पोळ्यातली रेसर

माही सायकल बैलाईच्या रांगेत उभी पाहून मले आधी वाटलं, आपल्याले ऊन लागलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी आर्णीले बहिणीकडं गेलतो. दुसऱ्या दिवशी एसटीतून गावात उतरलो, तं समोर तोरणाच्या अलीकडं गावातल्या सजवलेल्या जोड्या. त्याईच्या शेवटी माहा बाप, पुंडलिकराव, नवं धोतर नेसून, खांद्यावर घुंगरांची माळ टाकून उभा, अन् त्याच्या हातात माही रेसर.

त्या सायकलीचं आधी सांगतो, म्हणजे माहा जीव कुठं अडकला होता ते समजन. जुनी विलायती गाडी. कापसाच्या एका वाईट सालात आर्णीची एक जिनिंग फॅक्टरी बंद पडली, तवा तिथल्या म्हाताऱ्या मॅनेजरनं ती भंगारात जाता जाता मले देल्ली. मेंढ्याच्या शिंगावानी खाली वळलेलं हँडल, एका हातानं उचलन इतकी हलकी, हिरवा रंग अन् त्यावर कोण्या कारागिरानं ब्रशानं ओढलेल्या सोनेरी रेघा. रंग मूळचा! चेन, छर्रे, स्पोक शोधत मी यवतमाळ-नागपूर पालथं घातलं, पण रंगाले हात लावला नाही. रंग बदलला की सायकल मेली, असं माहं सरळ गणित. सकाळी डांबरी रोडवर तिच्यावर वाकलं की वारा कानात शिटी मारते, पायाले जोर लागत नाही, अन् डोक्यातली सारी कटकट मांगं राहून जाते. माही पोरगी सलोनी घंटी वाजवाले आली तरी मी डोळे वटारो. बापाले मात्र ती कधी पटली नाही. कुबड काढून बसाचं कायचं वाहन, म्हणे.

अन् आता ते हँडल लालभडक! शिंगं रंगवाचा ऑइलपेंट होता तो. टोकाले बेगड, खाली गोंडे, मधल्या दांड्यावर झूल, अन् हिरव्या रंगावर, त्या रेघाईवर, हाताचे लाल पंजे. आदल्या सांजेले बैलाचे खांदे हळद-लोण्यानं शेकतात ना, तशी बापानं तिची कातडी सीटही शेकली होती. हातातली थैली कवा पडली कळलं नाही.

दोघं-चौघं तोंडावर दुपट्टा धरून हासत होते. बुढ्याचं डोकं फिरलं, असं कोणीतरी म्हणलंही. माह्या मस्तकात तिडीक गेली. रांगेत घुसलो अन् हँडल धरलं. रंग ओलाच होता, माहे हात लाल झाले.

"बाबा, सोडा ते."

त्यानं सोडलं नाही. फाल्गुनात त्यानं आपली बैलजोडी बाजारात विकली होती. कापसाले कोणी विचारत नव्हतं, चारा परवडत नव्हता, अन् ट्रॅक्टरनं भागते, असं मीच म्हणलं होतं. आता तो माह्या कानाशी आला.

"मले पोळ्यात रिकाम्या हातानं उभं करू नको, गुणवंता."

बापानं मले आजवर काही मांगितलं नव्हतं. हँडल तसंच हातात राह्यलं, ओढवेना अन् सोडवेना. घासलेट लावून लाल काढावं, तं खालच्या सोनेरी रेघाही जातीन. गेलीच होती माही गाडी. ते मले तिथं उभ्या उभ्या कळलं, अन् रडू आलं, खोटं कायले सांगू.

तेवढ्यात तोरणाचा मानकरी उकंडा आला. तो हासला नाही. बापाले हळूच समजावून सांगू लागला, का तोरणाखालून आपल्या गावात एकटा बैल जात नाही, जोडी लागते, तुम्हालेच काय सांगावं.

बापानं खांद्यावरची घुंगरांची माळ उतरवली. ती कोणासाठी आणली होती ते मले आतापर्यंत समजलं नव्हतं.

"जोडी हाये," तो म्हणाला, अन् माह्याकडं पाह्यलं.

साऱ्या गावासमोर! दोन लेकराईचा बाप मी, पतसंस्थेत नोकरी, लोक मले साहेब म्हणत. बापानं माळ माह्या गळ्याकडं धरली, घुंगरं वाजली.

मी मान वाकवली. त्यानं माळ घातली, बैलाले देत असे तशी पाठीवर थाप देल्ली, अन् उकंडा वाटेतून बाजूले झाला.