तिठ्यावरचं गाऱ्हाणं

नियमाने वागणाऱ्या माणसाला पोलिसाचं भय नसतं, असं गुरुदास घाडी सगळ्या गावाला सांगत फिरायचा. फिरेना बापडा. माणसाला कसलं ना कसलं खूळ लागतंच. कुणाला भजनाचं लागतं, कुणाला मटक्याचं, गुरुदासला लागलं होतं कागदांचं. लायसन, आरसी, विमा, पीयूसी असं सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबर लावून स्कूटरच्या डिकीत. पीयूसी संपायला आठवडा असतानाच हा पंपावर हजर. पंपवाला म्हणायचा, "काका, अजून तारीख आसा हो." तर हा म्हणायचा, "आसांदे. तुझ्या बापाशीचा काय जाता?"

दुःख एकच होतं. इतकी वर्षं स्कूटर चालवूनही एका पोलिसाने ते कागद बघितले नव्हते. तीही हौस देवाने त्या दिवशी पुरवली.

त्या दिवशी तो लेकीला, नम्रताला, मागे बसवून जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, निघाला होता. तिची सरकारी नोकरीची मुलाखत होती. अकराला दार बंद होईल, नंतर आलेल्याला आत घेणार नाही, असं बजावून कळवलेलं. याआधीच्या मुलाखती कुणाच्या ना कुणाच्या भाच्या-पुतण्याच्या कामी आल्या होत्या. ही शेवटची, कारण पुढच्या महिन्यात तिची वयोमर्यादा संपत होती. मग काय, घरी बसून काजू फोडायचे नाहीतर मुंबईला आत्याकडे जाऊन कुठल्यातरी दुकानात उभं राहायचं.

घाडी म्हणजे गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान असलेलं घराणं. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी रोखठोक बोलणं. घाडी नारळ ठेवून एकेक मागणं मोठ्याने मांडतो, आणि ऐकणारे सगळे प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. म्हटलं, की ते मागणं त्यांचंही झालं, मग मागे फिरणं नाही. इकडच्या पोरांना हे दुधाबरोबर पाजलेलं असतं, झोपेत कानावर पडलं तरी तोंडातून होकार जातो. घाडींचा दंडक एकच, गाऱ्हाण्यात कुणाचं वाईट मागायचं नाही. सकाळीच गुरुदासने ग्रामदैवत रवळनाथाला नारळ ठेवून लेकीसाठी गाऱ्हाणं घातलं होतं. काम झाल्यावर परतताना ठेवायचा दुसरा नारळ डिकीत होता. देवाशी उधारी नको.

वडाच्या तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, हवालदाराने हात केला.

हवालदाराचं नाव तळवडेकर. नावावरूनच कळतं माणूस इथलाच, लाल मातीतलाच. पण अंगावर खाकी चढली की जिभेवर पुस्तकी मराठी चढायची. त्याचं स्वतःचं हेल्मेट वडाच्या पारंबीला लटकत होतं, वाऱ्यावर छान झुलत होतं. वडाच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला धोंडा, तिठ्याचा राखणदार. त्याच्या शेजारी हवालदार साहेबांचा जेवणाचा डबा.

"गाडी बाजूला घ्या. कागदपत्रे दाखवा."

गुरुदासला काय आनंद झाला म्हणून सांगू! त्याने डिकी उघडली, रबर काढलं आणि सोयरिकीला आलेल्यांना पोरीचे फोटो दाखवावेत तसे एकेक कागद दाखवले. हवालदार बघत गेला तसं त्याचं तोंड उतरत गेलं. सगळं पुरं असलेला माणूस म्हणजे पोलिसाच्या सकाळची माती. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, पट्टी लावलेली. आरसे दोन. हॉर्न वाजतो. दिवा लागतो. आता करायचं काय?

"हा नारळ कशासाठी?"

"देवाक."

"वाहनात असा सुटा नारळ ठेवणे धोकादायक आहे. ब्रेक मारल्यावर उडाला म्हणजे?"

"डिकीतून?" नम्रताने विचारलं.

हवालदाराने तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि स्कूटरला प्रदक्षिणा घातली. मागे येऊन तो थांबला, आणि त्याचा चेहरा फुलला. "नंबरप्लेटवर माती आहे. नंबर अस्पष्ट."

आता या जिल्ह्यात माती कशावर नसते? माणसांच्या टाचांवर असते, कलेक्टरच्या गाडीवर असते, खुद्द हवालदाराच्या बुटांवर होती. तरी गुरुदासने मुकाट रुमाल काढला आणि प्लेट लख्ख पुसली.

हवालदार शांतपणे म्हणाला, "आता पुसलीत म्हणजे पुरावा नष्ट केलात. हा वेगळा गुन्हा." आणि त्याने स्कूटरची चावी काढून खिशात घातली. "साहेब येईपर्यंत थांबा. काय ते साहेब ठरवतील."

"साहेब कधी येतले?"

"येतील."

"माझ्या चेडवाची मुलाखत आसा हो. अकराक दार बंद होता."

"नियम म्हणजे नियम."

तेवढ्यात एका मोटरसायकलवरून तीन पोरगे शीळ घालत आले. हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नाही, नंबरप्लेटच्या जागी 'भाईंचा भाचा' असं लिहिलेलं. नंबर अस्पष्ट नव्हता, नंबर नव्हताच. हवालदाराने पाठ फिरवली आणि वडाच्या पारंब्या मन लावून बघितल्या. केवढी ती निसर्गाची ओढ! मोटरसायकल गेली आणि ओढही गेली.

शेजारी एक रिक्षाही अडवून ठेवलेली होती. तिच्यात मासे विकणारी हौसाबाई पाटीवर ओला गोणपाट घालून बसलेली. रिक्षाचा गुन्हा कुणालाच ठाऊक नव्हता, रिक्षावाल्यालाही नाही. हौसाबाई म्हणाली, "शिरा पडो ह्येच्या तोंडार! माझो बांगडो हयच शिजतलो." पण हळू म्हणाली.

गुरुदासने हात जोडले. नम्रताने मुलाखतीचं पत्र दाखवलं. हवालदाराने ते उलटं धरून परत दिलं. मागून मालवणची बस आली, नम्रताने हात केला, पण बस खच्चून भरलेली, थांबली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पोर रात्र रात्र अभ्यास करत होती, आणि तिची नोकरी आता एका माणसाच्या पँटच्या खिशात पडली होती.

अशात हवालदाराचा फोन वाजला. आणि काय आश्चर्य, पुस्तकी मराठी पळाली! "काय गो रिया? उद्या परीक्षा मा तुझी? भिया नको, बाय. मी स्वतः सोडूक येतंय. अगो, उशीर कसो होतलो? तुझो बापूस पोलीस आसा, कोण अडवतलो तुका?" बोलताना तो हसतही होता. हसला की चांगला दिसायचा, हे कबूल केलं पाहिजे.

फोन ठेवला आणि त्याने पुन्हा खाकी तोंड केलं. "हं, थांबा इथेच."

गुरुदासने सगळं ऐकलं होतं. मग तो डिकीकडे गेला आणि त्याने नारळ बाहेर काढला.

"बाबा, हय नको," नम्रता लाजून कुजबुजली. "लोक बघतत."

"बघांदेत."

त्याने हवालदार साहेबांचा डबा अदबीने बाजूला सरकवला, शेंडी देवाकडे करून नारळ धोंड्यासमोर ठेवला, हेल्मेट काढलं आणि घसा खाकरला. गुरुदासचा आवाज एरवी कुणाला ऐकू जायचा नाही. पण गाऱ्हाण्याचा आवाज वेगळा, तो आजोबा-पणजोबांचा.

"बा देवा रवळनाथा! बारा-पाचाच्या म्हाराजा! आणि ह्या तिठ्यार बसलेल्या राखणदारा!"

"व्हय म्हाराजा!" हौसाबाई पाटी सोडून उभी राहिली. रिक्षावाल्याने चप्पल काढली.

"आज तुजो घाडी लेकीक घेवन तुज्या पायाकडे उभो आसा. कागद पुरे आसत, पण वाट गावना नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"अहो, हे काय चाललंय?" हवालदार म्हणाला. पण गाऱ्हाणं सुरू असताना मध्ये बोलू नये, हे त्यालाही दुधाबरोबरच पाजलेलं. त्याचे हात आपोआप जोडले गेले.

"हय आमचे हवालदार साहेब आसत. उन्हातान्हात आमच्या जिवासाठी राबतत. तेंका बरी काया दी, घरात बरकत दी!"

"व्हय म्हाराजा!" आता हवालदाराचे ओठही हलले. आपल्यासाठी कुणी मागतंय म्हटल्यावर कोण नको म्हणेल?

"तेंच्या घरात एक चेडू आसा. माझ्या चेडवासारख्याच, अभ्यासाचा, गुणाचा. उद्या तां परीक्षेक जातला. तेच्यार तुजी नजर ऱ्हवांदे!"

"व्हय म्हाराजा!" यावेळी हवालदाराचा आवाज नीट ऐकू आला, डोळे मिटलेले होते.

"तर म्हाराजा! ह्या बापाशीन आज माझ्या चेडवाक जशी वाट दिल्यान, तशीच वाट तू उद्या तेच्या चेडवाक दी! ह्येना जसो न्याय केल्यान, तसोच न्याय तेच्या पदरात घाल!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज हवालदार तळवडेकरांचा होता.

मग त्याने डोळे उघडले. आपण कशाला होकार भरला ते डोक्यात उतरायला क्षणभर गेला, आणि उतरलं तसा तो पांढराफटक पडला.

"आता काय तां!" हौसाबाई म्हणाली. "तुमीच व्हय म्हटलात. आमी साक्षी आसव."

"घाडीनू," हवालदार म्हणाला, "ह्यां काय केलात तुमी?"

"मी? मी काय वायट मागलंय? तुमी जा दिलात, ताच तुमच्या चेडवासाठी मागलंय. त्यात भियासारख्या काय आसा?"

भिण्यासारखं काय होतं ते हवालदाराला चांगलं ठाऊक होतं. त्याने खिशातून चावी काढली, ती हातातून खाली पडली, त्यानेच वाकून उचलली आणि गुरुदासच्या हातात कोंबली. "चला, चला! येळ जाता! मी पुढे होतंय, माझ्या मागसून येवा!" त्याने वडाआड लावलेल्या आपल्या मोटरसायकलला किक मारली. हेल्मेट पारंबीलाच राहिलं. रिक्षावाल्यानेही संधी साधली आणि गुन्हा न विचारताच निघून गेला.

पुढे पोलीस, मागे घाडी बाप-लेक. हवालदार हॉर्न वाजवत, ओरडत, ट्रकवाल्यांना हाताने बाजूला सारत चालला होता. एखाद्या मंत्र्याच्या पोरीलाही असं कुणी नेलं नसतं.

तरी उशीर झालाच. शिपाई फाटक ओढून घेत होता. हवालदाराने फटीत बूट घातला.

"अकरा वाजून गेले," शिपाई म्हणाला. "नियम म्हणजे नियम, साहेब."

आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळणं हे भाग्य सगळ्यांना लाभत नाही. हवालदाराने दोन्ही हात जोडले. "अरे बाबा, माझ्या चेडवाच्या आयुष्याचो प्रश्न आसा!"

शिपायाने नम्रताकडे बघितलं. "ही तुमची मुलगी?"

"व्हय... नाय... तां सांगीत बसूक येळ नाय रे! सोड तिका आत. माझ्यामुळे उशीर झालो. तू म्हणशीत थय सही करतंय."

शिपाई विरघळला. नम्रता धावत आत गेली. हवालदार फाटकाच्या खांबाला टेकला आणि म्हणाला, "घाडीनू, दिली मा वाट? देवाक आता सांगा हां."

"देव बघता," गुरुदास म्हणाला.

त्याला खरं तर हसू यायला हवं होतं, पण आला तो राग. डोकं तापलं त्याचं. कागद दाखवले तेव्हा हा माणूस धोंडा होता. पोरीचे डोळे भरले तेव्हाही धोंडाच. मग इतकी वर्षं ती पिशवी आपण कशाला सांभाळली? रबर तरी कशाला लावलं? त्याने बाजारात जाऊन एक नवा नारळ घेतला, देवाचा द्यायचा राहिला होता तो, आणि लेकीची वाट बघत बसला.

नम्रता दुपारी बाहेर आली. "बरी झाली बाबा. सगळा सांगलंय. आता काय तां होवांदे." चेहरा मोकळा होता. तेवढं बघून गुरुदासचा जीव भांड्यात पडला.

परतताना तिठा आला. हेल्मेट अजून पारंबीला झुलत होतं. तळवडेकर साहेब कामावर रुजू झाले होते. एका म्हाताऱ्याची जुनी मोटरसायकल बाजूला घेतलेली, मागे त्याची बायको दवाखान्याची पिशवी छातीशी धरून उभी. म्हाताऱ्याच्या हातात सगळे कागद होते आणि तो तेच पुन्हा पुन्हा पुढे करत होता.

"ते ठीक आहे," हवालदार सांगत होता, "पण आता पुसलीत म्हणजे पुरावा नष्ट केलात."

गुरुदासला बघताच तो तोंडभर हसला आणि त्याने सलाम ठोकला. "जावा, जावा घाडीनू! तुमचो रस्तो मोकळो!"

गुरुदास पुढे गेला. वळणापर्यंत गेला.

"बाबा," मागून नम्रता म्हणाली, "स्कूटर थांबवा."

त्याने स्कूटर वळवली आणि वडाखाली आणून लावली. नम्रता आधी उतरली. तिनेच डिकी उघडली, पिशवी बाजूला सारली आणि नवा नारळ बापाच्या हातात दिला. तो बघताच हवालदाराचं हसू तिथल्या तिथे सुकलं. "घाडीनू, आता कित्याक? तुमचा तर काम झाला!"

गुरुदासने नारळ राखणदारासमोर ठेवून घसा खाकरला.

"बा देवा रवळनाथा! बारा-पाचाच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" नम्रता म्हणाली, आणि इतक्या मोठ्याने, की म्हातारा-म्हातारीनेही हात जोडले. हवालदाराचा हात म्हाताऱ्याची चावी काढायला खिशात गेला.