न बोलणाऱ्यांचं सफरचंद

सोमवारी सकाळी मुख्याध्यापिका सोनुन एजेंनी, म्हणजे सोनुनताईंनी, हुकूम सोडला. शुक्रवारी नारिन शहरातून तपासणी समिती येणार होती आणि तोवर मोठ्या गटाच्या भिंतीवर ‘आमच्या सात पिढ्या’ लागलेल्या दिसायला हव्या होत्या. गटात तेवीस मुलं. प्रत्येकाचं एक झाड, झाडाला सात सफरचंदं, आणि सफरचंदावर बापाचं, आज्याचं, पणज्याचं असं वर चढत सातव्यापर्यंत एकेकाचं नाव.

“एकशे एकसष्ट सफरचंदं,” जिपारा म्हणाली. “चार दिवसांत. पाच वर्षांच्या मुलांकडून.”

“मुलांकडून कोण म्हणतंय? कापायचं तू. त्यांनी चिकटवल्यासारखं करायचं. आणि खाली लिही, ‘मुलांची हस्तकला’.”

“मग मुलांनीच कापायला हवं, एजे.”

“काप बाई, कुणीही काप,” सोनुन एजे म्हणाल्या आणि पुढच्या खोलीत दुसरा हुकूम सोडायला गेल्या.

कोचकोर गावच्या त्या बालवाडीत जिपाराला नऊ वर्षं झाली होती. त्याआधी याच खोलीत, याच गटाला तिची आई एकतीस वर्षं शिकवत होती. नोव्हेंबरात आई गेली. कपाटाच्या खणांवर अजून तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या: ‘लोकर’, ‘बटणं’, ‘बोथट कात्र्या’, ‘अगदीच बोथट कात्र्या’. जिपारानं शेवटच्या खणातल्या कात्र्या घेतल्या, लोकरीच्या खणातून नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, लाल तुकडे बाहेर काढले आणि मदतनीस उलकानला कणकेची खळ शिजवायला सांगितली.

मुलांनी कापलेलं एकही सफरचंद गोल नव्हतं. काही बटाट्यासारखी झाली, काही कानासारखी. एकानं तर घोडाच कापला आणि यानं सफरचंद खाऊन टाकलंय असं सांगितलं. बेकतुर नावाच्या मुलानं खळ चाटून पाहिली, आवडली म्हणून आणखी चाटली, मग दुपारच्या लापशीला हात लावेना.

“लापशीपेक्षा तुझी खळ बरी,” उलकानला जिपारा म्हणाली.

“मग उद्यापासून लापशी भिंतीला लावू,” उलकान म्हणाली.

नावं मागवायला जिपारानं पालकांच्या व्हॉट्सअॅप गटात निरोप टाकला. संध्याकाळपर्यंत चौऱ्याऐंशी उत्तरं आली. त्यातली चाळीस नुसते अंगठे. एका आईनं उद्या जेवणाला काय आहे ते विचारलं. एका बापानं वासरू विकायला काढल्याचं कळवलं. तिघींनी टिकल्या लावलेली, शिवणयंत्रावर टीप मारलेली, दुकानात मांडावीत अशी सफरचंदं मुलांबरोबर पाठवली आणि ‘आमच्या लेकीनं स्वतः केली’ असं कळवलं. जिपारानं ती परत पाठवली. तिघींनीही तिला गटात अंगठा दिला, पण तो वर नव्हता, खाली होता.

बेकतुरचे आजोबा आसानकोजो स्वतः आले. त्यांनी अकरा नावं लिहून आणली होती.

“आजोबा, सातच हवीत.”

“मला अकरा येतात.”

“पण झाडाला सातच फळं आहेत.”

“मग झाड वाढव. चौघांना काय मी खाली उतरवू? उतरवू कुणाला ते तू सांग.”

शेवटी बेकतुरच्या झाडाला सात सफरचंदं लागली आणि उरलेले चौघे ढगावर लिहिले गेले. आसानकोजोंना ढग पसंत पडला. नाहीतरी ते आता तिथंच असतात, असं ते म्हणाले.

बुधवारी दुपारपर्यंत बावीस झाडं उभी राहिली. तेविसावं नूरिझाचं. नूरिझा तिच्या आजीजवळ राहायची. आई मॉस्कोत एका खानावळीत कामाला होती आणि बाप कोण हे गावात कुणी विचारायचं नाही, निदान तोंडावर तरी नाही. आजीनं, बुर्माकान आपांनी, स्वतःच्या सासरची, म्हणजे नूरिझाच्या आईच्या घराण्याची यादी पाठवली होती. जिपारानं कागद उलगडला. त्यावर असं होतं: घरचे. थोरले घरचे. पांढऱ्या टोपीचे. लंगड्या घोड्याचे. कडक चहाचे. न बोलणारे. पहिले.

नूरिझाला न्यायला आजी आल्या तेव्हा जिपारानं त्यांना दारातच गाठलं.

“आपा, हे काय?”

“सात पिढ्या. मोजून घे.”

“नावं कुठायत?”

“सासरच्या माणसांची नावं मी घेत नाही. नवऱ्याचंही नाही.”

“घेऊ नका, नुसती लिहून द्या.”

“लिहिताना मनात येतातच की.”

“आपा, शुक्रवारी समिती येणार आहे हो.”

“येऊ दे. सत्तावीस वर्षं संसार केला, एकदाही नाव घेतलं नाही. एकदा हे बर्फात हरवले तेव्हासुद्धा ‘अहो, अहो’ करत डोंगरभर हिंडले.”

“सापडले?”

“सापडणार नाहीत तर काय! त्या डोंगरावर ‘अहो’ म्हणणारी मी एकटीच होते.”

जिपाराला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखीच वैताग आला. “नूरिझाच्या आईला फोन करते.”

“तिला तिच्या बापाचं नाव माहीत आहे, ते तिच्या दाखल्यावरच आहे. हे गेले तेव्हा ती चार वर्षांची. पुढचं तिला कोण सांगणार? मी?” बुर्माकान आपांनी नातीच्या कोटाचं बटण लावलं. “आसानकोजोला विचार. भाऊबंदच आहे तो यांचा, त्याला सगळे पाठ आहेत. पण देणार नाही. आणि ऐक. माझ्या पोरीचं झाड भिंतीवर दिसलं नाही ना, तर सोमवारपासून तिला घरी ठेवीन. अर्धी मुलं तिला ‘तुझं झाड कुठंय’ म्हणून आत्ताच विचारायला लागलीयेत.”

नूरिझानं तिची सात सफरचंदं स्वतः कापली होती आणि ती तेवीस मुलांत सगळ्यात कमी वाकडी होती.

जिपारा संध्याकाळी आसानकोजोंकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“लेक बापाच्या झाडाला लागते,” ते म्हणाले. “हिचा बाप कोण?”

“ते मला माहीत नाही, आजोबा.”

“मग कोरं ठेव. आमची माणसं तिच्या झाडावर टांगू नकोस. आईकडून पिढ्या मोजायला लागलो तर उद्या कोण कुणाचा ते देवालाही कळणार नाही.”

वाद घालायला तिच्याकडे पुष्कळ काही होतं. पण समोर पाव आणि साय मांडून ठेवलेली होती, आणि पावाचा तुकडा मोडल्याशिवाय कुणाच्याही घरातून उठता येत नाही, मग तिथं पाहुणचार झालेला असो की अपमान. जिपारा चावत बसली. आसानकोजोंनी तिला आणखी साय वाढली.

गुरुवारी सोनुन एजे भिंत बघायला आल्या.

“हे बटाटे कसले?”

“सफरचंदं आहेत.”

“आणि हा घोडा?”

“तोही सफरचंदच आहे.”

मग त्या नूरिझाच्या झाडापाशी आल्या. जिपारानं आजीची यादी कापून तिच्या सात चिठ्ठ्या सफरचंदांवर जशाच्या तशा चिकटवल्या होत्या. सोनुन एजेंनी चष्मा लावून वाचल्या, काढून पुसला, परत वाचल्या.

“कडक चहाचे? जिपारा, तुला माझी नोकरी घालवायचीय का?”

“खरी नावं कुणी देत नाही.”

“मग काढ ते झाड. उद्या पोरीला घरी राहायला सांग. सर्दी झाली म्हणू.”

“तिला सर्दी नाही.”

“मार्च महिना आहे, सगळ्यांना सर्दी आहे! नाहीतर कुठलीही सात नावं लिही. कोण तपासणार आहे?”

“गावात प्रत्येक माणूस तपासणार आहे, एजे. इथं दुसरं कुणाला काम काय आहे?”

“मग काढच.”

“काढते,” जिपारा म्हणाली. “लेखी द्या.”

“काय?”

“नूरिझाचं झाड भिंतीवरून काढावं आणि तिला एक दिवस घरी ठेवावं, असं लिहून खाली सही करा. मी लगेच काढते.”

एकोणीस वर्षांपूर्वी सोनुन एजे इथं आल्या तेव्हा त्यांना पहिलं काम जिपाराच्या आईच्या हाताखालीच मिळालं होतं. “तुझी आईही अशीच होती,” त्या म्हणाल्या. “गोड बोलून कागद मागायची. तीनदा मागितला माझ्याकडे. एकदाही देता आला नाही मला.” असं म्हणून त्यांनी डोळे पुसायच्या ऐवजी चष्माच पुसला आणि दार जोरात लावून निघून गेल्या. दाराच्या धक्क्यानं चार सफरचंदं खाली पडली.

जिपारा ती उचलून पुन्हा लावत बसली. आईच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला एका म्हाताऱ्यानं उभं राहून आईच्या वडिलांच्या सात पिढ्या म्हणून दाखवल्या होत्या, अगदी खणखणीत. या खोलीत आईनं जवळजवळ आठशे मुलांकडून सात पिढ्या पाठ करून घेतल्या होत्या. बाई असल्यामुळे ती स्वतः मात्र एकाही यादीत बसत नव्हती. जिपारानं खळीचं बोट भिंतीला पुसलं आणि मग भिंत ओल्या फडक्यानं पुसली.

शुक्रवारी सकाळी आसानकोजो बेकतुरला सोडायला आले, म्हणजे ढग नीट लागलाय का ते बघायला आले. बुर्माकान आपा तिथंच नूरिझाचे बूट बदलत होत्या. ढग बघून झाल्यावर आसानकोजोंची नजर शेजारच्या झाडावर गेली. ते जवळ गेले आणि बोटांवर मोजायला लागले. बुर्माकान आपांचा नवरा जुमादिल एक, त्याचा बाप दोन, तीन, चार. सहाव्या सफरचंदापाशी त्यांचं बोट थांबलं.

“न बोलणारे?” ते म्हणाले. “कोण न बोलणारे?”

“काय झालं, आजोबा?” जिपारानं विचारलं.

“अगं, हा तर ओल्जोबाय! आमच्या बेकतुरच्या झाडावर सगळ्यात वर तोच आहे, वाच. ओल्जोबाय बोलायला लागला की दोन खोऱ्यांची भांडणं मिटायची. त्याचा न्याय ऐकायला लोक तीन दिवसांची वाट तुडवून यायचे. आणि त्याला इथं मुका करून टांगलाय?”

“सुनांशी बोलायचे नाहीत,” बुर्माकान आपा खालूनच, बुटाची नाडी बांधत म्हणाल्या.

“कुणी सांगितलं?”

“माझ्या सासूला तिच्या सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं. घरात चार सुना. मरेपर्यंत एकीशी एक शब्द नाही. चहा हवा असला की पेला आपटायचे.”

“ती मर्यादा होती, मर्यादा.”

“असेल. बाहेर तीन दिवसांचं बोलणं आणि घरात पेला.”

दारात उभी असलेली उलकान फस्सकन हसली. आसानकोजो लालबुंद झाले. त्यांनी एकदा सफरचंदाकडे पाहिलं, एकदा वर ढगाकडे, जणू तिथून काही मदत येते का ते बघत असावेत.

“जाड पेन आण,” ते जिपाराला म्हणाले.

“कशाला?”

“आण म्हणतो ना! समिती येणार, शेजारी शेजारी एकाच माणसाची दोन झाडं, इकडे ओल्जोबाय आणि तिकडे मुका? माझी काही इज्जत आहे की नाही?”

त्यांनी सहाव्या सफरचंदावर चिठ्ठीच्या खाली मोठ्या अक्षरात नाव लिहिलं. मागं सरकून पाहिलं. मग पाचवं बघवेना, तेही लिहिलं: तिनाय. “आणि चहा कडक नव्हता, मिठाचा असायचा,” ते पुटपुटले. चौथा बेर्दिके, तिसरा कादिराली, दुसरा मुकाश. शेवटच्या ‘पहिले’वर त्यांनी एलेमान लिहिलं. सगळ्यात खाली ‘घरचे’पाशी येऊन ते जरा थांबले. जुमादिल त्यांच्याबरोबर मेंढ्या घेऊन सोन-कुलच्या कुरणांवर जायचा. ते नाव त्यांनी सावकाश लिहिलं.

“आता वरच्या त्या बायकी चिठ्ठ्या काढ,” ते म्हणाले.

“निघणार नाहीत,” जिपारा म्हणाली. “खळ वाळलीय. काढल्या तर सफरचंदं फाटतील, तुमची नावंही जातील.”

“मुद्दाम केलंस तू हे.”

“आजोबा, चार दिवसांत मी एकशे एकसष्ट सफरचंदं चिकटवलीयेत. मुद्दाम करायला मला सवड कुठं होती?”

तेवढ्यात फाटकाशी गाडी वाजली आणि सोनुन एजे धावत आल्या. समितीत दोन बायका आणि एक पुरुष होता. त्यांनी पलंगांमधलं अंतर टेपनं मोजलं, फरशी पुसायच्या बादल्यांवर खुणा आहेत का ते पाहिलं, लापशीचा वास घेतला. भिंतीपाशी एक बाई आल्या आणि त्यांनी समोर होती त्या मुलीला, नूरिझाला, विचारलं, “तुझं झाड कुठलं गं?”

सोनुन एजेंनी डोळे मिटून घेतले.

नूरिझानं दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण सकाळचं सगळं तिनं ऐकलं होतं. “हे घरचे, जुमादिल,” ती म्हणाली. बुर्माकान आपा अजून गेल्या नव्हत्या, दारात उभ्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा रुमाल दोन्ही हातांनी कानांवर ओढला, पण पाय काही तिथून हलवला नाही. नूरिझा न चुकता पुढं म्हणत गेली. सहाव्यापाशी ती म्हणाली, “हे न बोलणारे, ओल्जोबाय. हे फार बोलायचे, पण सुनांशी नाही.”

त्या बाईंनी ओठ दाबून धरले. मग वहीत काहीतरी लिहिलं आणि शेरा द्यायच्या आवाजात म्हणाल्या, “खळ जरा पातळ आहे. फळं सुटतायत.”