पारनाक्यावरचं चिकूचं मशीन

मशीन आलं तेव्हाच त्याच्या काचेवर मोठ्या लाल अक्षरांत ‘स्वयंचलित’ असं लिहिलेलं होतं. तो शब्द ज्याने लिहिला त्या माणसाला एकदा डहाणूला बोलावून आठवडाभर आपल्या घरी ठेवून घ्यावं, असं हिरकणीला फार वाटे. नाणी टाकली, बटण दाबलं की कोनात आइस्क्रीम पडायचं, आपोआप म्हणतात ते एवढंच. बाकी सगळं हाताने, आणि ते हात हिरकणीचे.

उजाडलं की ती पारनाक्यावर जायची. दुकानाचा गाळा घरापासून हाकेच्या अंतरावर होता. आधी मशीनच्या पोटातलं कालचं मिश्रण काढायचं, मग आतला फिरणारा दांडा, पाती, नळ्या, रबरी रिंगा असं एकेक सुटं करून कढत पाण्यात घालायचं. रिंगा बोटांनी चोळून धुवायच्या, पुसायच्या, त्यांना ते खास ग्रीस लावायचं, आणि परत सगळं जिथल्या तिथे बसवायचं. एखादी रिंग राहिली की मशीन खालून गळायचं. घरी येऊन चिकू सोलायचे, बिया काढायच्या, गर मलमलच्या फडक्यातून एकदा गाळायचा, पुन्हा एकदा गाळायचा. तोवर सकाळ संपलेली असे आणि तिच्या मनगटातून कळा येत असत. “तुम्हाला बरं आहे, काकी, मशीनच सगळं करतं,” असं कोणी गिऱ्हाईक म्हणालं की ती नुसती हसायची. त्यांना काय सांगणार, आणि सांगून करायचं काय.

हे मशीन घरात आलं ते मुलासाठी, विपुलसाठी. थोरली रिया लग्न होऊन बडोद्याला गेली आणि तिथून नवऱ्याबरोबर परदेशी. वर्षातून एकदा यायची, ती पण अर्धं बिऱ्हाड बॅगेत घेऊन, पाहुणीसारखी. मागे राहिला विपुल. डिप्लोमा झाल्या झाल्या त्याला पुण्याच्या एका कंपनीतून बोलावणं आलं, आणि हिरकणीच्या तोंडचं पाणी पळालं. जाऊ नको असं ती म्हणाली नाही. नुसतं जेवण कमी केलं. हरिश्चंद्रला बायकोचं न जेवणं चांगलं वाचता येत होतं. पालघर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. आता बघा, रस्ते होतील, पाहुणे येतील, डहाणूच्या समुद्रावर पाय ठेवायला जागा उरणार नाही, असं जो तो बोलत होता. हरिश्चंद्र अहमदाबादला जाऊन मशीन ठरवूनच आला. “बसल्या जागी धंदा आहे. पोरगं डोळ्यांसमोर राहील,” तो म्हणाला.

विपुल लगेच हो म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की हिरकणीला वाटलं, त्यालाही मनातून हेच हवं असणार. आईला जे हवं असतं ते मुलाच्या मनात आहे असं समजायला फारसा वेळ लागत नाही.

कंपनीचा माणूस मशीन बसवताना बजावून गेला होता, आमच्या पाकिटातली पावडरच वापरा, दुसरं काही आत घालू नका. महिनाभर विपुलने व्हॅनिला विकलं. मग एका संध्याकाळी हरिश्चंद्र मशीनसमोर उभा राहिला आणि त्याचा वाडीवाला अभिमान जागा झाला.

“आजोबांच्या हातचा चिकू आहे आपल्या वाडीत. मुंबईहून माणसं चिकू खायला येतात इथे, आणि आपण त्यांना पाकिटातली भुकटी देतो? लाज वाटते मला.”

“तो कंपनीवाला काय म्हणाला होता, ऐकलंत ना?” हिरकणी म्हणाली.

“कंपनीवाल्याने चिकू कधी बघितला तरी आहे का? फळ आहे ते, दगड नाही. फळाने मशीनला काय होतंय?”

मग चिकू घातला. आणि काय सांगावं, लोकांची रांग लागली. समुद्रावर जाणारा माणूस आधी नाक्यावर थांबू लागला. डहाणू रोडला गाडीतून उतरलेली माणसं रिक्षावाल्याला ‘चिकूच्या मशीनजवळ’ असा पत्ता सांगू लागली. हरिश्चंद्र खुर्ची टाकून तिथे बसायचा आणि जणू आइस्क्रीम आपणच पाडतोय अशा थाटात प्रत्येकाकडे बघायचा.

पण फळ असलं तरी चिकूत बारीक रवा असतो. जिभेला तो लागतो म्हणून तर चिकू चिकूसारखा लागतो. मशीनच्या रिंगांना आणि पात्यांना मात्र तो पॉलिश कागदासारखा लागत होता. पहिल्या वर्षातच रिंगा झिजल्या, मग पाती, मग मिश्रण झिरपून मागच्या गिअरमध्ये गेलं. कंपनीच्या माणसाने गिअर उघडला, तपकिरी कण बोटावर घेतले, वास घेतला आणि गॅरंटी संपली असं सांगून टाकलं. चिकू बंद करायचं म्हटलं तर गिऱ्हाईक व्हॅनिलाकडे ढुंकून बघत नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. हिरकणीने त्यावर उपाय काढला तो दोनदा गाळायचा. गर जितका मऊ, तितकं मशीन जास्त टिकायचं. मशीनचं आयुष्य वाढवायला तिने आपली मनगटं खर्ची घातली.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण समुद्राची खारी हवा मागच्या जाळीला खात होती, दर पावसाळ्यानंतर ती बदलायला लागे. नोटबंदीनंतर दहाचं नाणं खोटं आहे अशी कुठून तरी अफवा उठली आणि मशीनला तर नाणीच चालायची. पैसे खर्चून नोट घेणारा डबा बसवला, तर वर्षभरात दहाची चॉकलेटी नोट निघाली आणि डबा ती थुंकून बाहेर टाकू लागला. एकदा ऊब शोधत पाल आत शिरली आणि स्वतःबरोबर सगळा बोर्ड जाळून गेली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं हरिश्चंद्रच आता म्हणू लागला होता, आणि हळूहळू त्याने नाक्यावर खुर्ची टाकून बसणं सोडलं.

हिरकणीला सोडता येत नव्हतं. मशीन एक दिवस बंद राहिलं तर विपुल झोपाळ्यावर बसून राही, मोबाइल बघत. दोन दिवस राहिलं तर उठून समुद्रावर एकटाच जाई. मशीन कायमचं बंद पडलं तर हा उद्या बॅग भरेल, एवढं तिला कळत होतं. तळहातावरच्या फोडासारखं तिने ते मशीन जपलं. विपुलने कधी विचारलं, “आई, दमत नाहीस ना तू?” तर ती म्हणायची, “छे रे, मला आवडतं. दिवस कसा जातो कळत नाही.” त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं. देवाला माहीत, झोपेतसुद्धा तिला रबरी रिंगा दिसायच्या.

मशीन दुरुस्त करायला नविन यायचा. तो तलासरीचा, हायवेवरच्या हॉटेलांचे फ्रिज आणि कूलर बघणारा, गुजरातीत विचार करणारा आणि मराठीत कुरकुरणारा. हिरकणीने त्याला पहिल्यापासून सांगून ठेवलं होतं, काही बिघडलं की आधी मला सांग, विपुलला कळू देऊ नको. पैसे ती आपल्याजवळचे द्यायची. नविन मान हलवायचा.

२०१९च्या मे महिन्यात, ऐन सुट्टीत, मशीन थंड व्हायचंच थांबलं. आइस्क्रीमऐवजी कोनात चिकूचं सरबत पडायला लागलं. यावेळी ते लपवण्यासारखं नव्हतं. नविनने मागचा पत्रा उघडला, कान लावला, हात लावला आणि खाली बसला. विपुल मशीनमध्ये भरायच्या गॅसची टाकी आणायला बाइकवरून डहाणू रोडला गेला. हरिश्चंद्र वाडीत होता. गाळ्यात दोघंच राहिली, नविन आणि हिरकणी.

“काय झालंय?” तिने विचारलं.

“कॉम्प्रेसर गेला. गॅस भरून काय होणार नाय, मी बोललो त्याला. ऐकलं नाय.”

“नवीन बसव. मी देते पैसे. त्याला सांग, थोडकंच काम होतं.”

नविनने पाना खाली ठेवला. गेल्या दिवाळीनंतर तलासरीत जमीन हलायला लागली होती. आज एक धक्का, उद्या दोन. त्याची म्हातारी आई महिनोन्महिने दारात ताडपत्रीखाली झोपत होती आणि तिच्या काळजीने त्याचीही झोप उडाली होती. त्या दिवशी त्याच्यात धीर म्हणून उरला नव्हता.

“काकी, मी आता खोटं बोलून दमलो.”

“कोणाशी रे?”

“तुमच्याशी पण, विपुलभाईशी पण. गिअर परत गेला तेव्हा तुम्ही बोलला, विपुलला सांगू नको. बोर्ड गेला तेव्हा विपुलभाई बोलला, आईला सांगू नको, मी भरतो पैसे. जाळी बदलली ती पण त्यानेच. मला आता आठवायला लागतं, कोणाला काय सांगितलंय.”

हिरकणीला काही समजेना. “त्याने का लपवलं?”

“तुमच्यासाठी. आईचा जीव आहे त्या मशीनमध्ये, बोलतो. पूजा केल्यासारखी रोज धुते. बंद पडलं तर आजारी पडेल.” नविन थांबला, मग म्हणाला, “तिकडे अहमदाबादजवळ, साणंदला त्याचा मित्र आहे ना, कंपनीत. दोन वेळा बोलावलं त्याने. दोन्ही वेळा हा नाय बोलला. परवा परत फोन आला, माझ्यासमोर. चांगली जागा आहे, काकी. हा बोलला, आईचं मशीन आहे, कसा येऊ?”

बाहेरून एक कुटुंब आलं, मशीन बंद बघून पुढे गेलं. हिरकणी स्टुलावर बसली. इतकी वर्षं आपण याला बांधून ठेवायला दोर वळत होतो आणि हा समजत होता की दोराची हौस आपल्यालाच आहे. तिला हसूही आलं नाही. फक्त थकवा आला, पायांपासून वर चढत आलेला, सगळ्या सकाळींचा मिळून एकच.

तरीही ती एवढ्यात शहाणी झाली नाही. माया अशी लगेच शहाणी होत नसते.

“नवीन कॉम्प्रेसर घातला तर किती चालेल?” तिने विचारलं.

“चिकू चालू ठेवलं तर दोन वरस. चिकू बंद केलं, नुसतं व्हॅनिला, तर पाच-सहा चालेल. बराबर सांभाळलं तर जास्त पण.”

पाच-सहा वर्षं. तेवढ्यात त्याचं लग्न होईल, इथलीच मुलगी बघू, मूल होईल, मग कोण कुठे जातंय. गिऱ्हाईक आलं नाही तर नाही आलं. मशीन नुसतं सुरू राहिलं पाहिजे. नविनला गप्प बसवणं काही अवघड नव्हतं, अजून एक खोटं, एवढंच. हा सगळा हिशेब तिने खरोखर मनात केला, आणि तिला तो पटलासुद्धा.

मग बाइकचा आवाज आला. विपुल गॅसची टाकी खांद्यावर घेऊन आत आला, घामाने निथळत, उन्हाने काळवंडलेला. तिच्याकडे बघून म्हणाला, “आई, तू टेन्शन नको घेऊस. काय लागेल ते करू. तुझं मशीन मी बंद पडू देणार नाही.”

हे ‘तुझं’ तिने आधीही शंभरदा ऐकलं असेल. आज ते तिच्या छातीत जाऊन बसलं. टाकी खाली ठेवायला तो वाकला, तेव्हा पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या त्या पोराने वर्षानुवर्षं न बोलता काय काय उचललं असेल, ते तिला एकदम दिसलं.

“ठेव ती बाजूला,” ती म्हणाली. “नाही करायचं आता.”

“म्हणजे?”

“मला कंटाळा आलाय या मशीनचा. आजचा नाही, पहिल्या वर्षापासूनचा. हात बघ माझे. मला नाही आवडत ते धुवायला, कधीच आवडलं नाही.”

विपुलने तिचा हात उलटा करून बघितला. “मग एवढे दिवस का करत होतीस?”

खरं उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. ते दिलं असतं तर तो राहिला असता, हे तिला ठाऊक होतं. “तुझ्या बाबांनी हौसेने आणलं होतं म्हणून,” ती म्हणाली. नविनने मान खाली घातली आणि उगाचच एक स्क्रू पिळत बसला.

“नक्की ना, आई? नंतर हळहळशील.”

“अरे, सुटले म्हणेन.”

त्याचे खांदे खाली आले. चेहरा असा मोकळा झाला की तिला तिथून नजर काढावी लागली. पोटच्या पोराची एवढी मोठी सुटका आपल्यापासून होती, हे तिला फार लागलं. पाच मिनिटांत येतो म्हणून तो खिशातून फोन काढत बाहेर गेला.

हिरकणीने मनाला समजावलं, जाईल, पण इतक्यात नाही. पावसाळा जाईल, गणपती होतील, दिवाळी करून जाईल. रस्त्याच्या पलीकडून त्याचा आवाज आत येत होता, मोठा, हसरा, शाळेतून धावत घरी येताना असायचा तसा.

“अरे, जागा आहे ना अजून? मग मी येतो. नाही नाही, दिवाळी कशाला? म्हणशील तर उद्याच्या गाडीने येतो.”

नविनने पत्रा उचलला आणि विचारलं, “काकी, मागचं बंद करून टाकू?”

“कर,” हिरकणी म्हणाली. पदराने तोंड पुसून ती उठली, घराकडे चालू लागली. उद्याच्या गाडीने जायचं म्हणजे त्याचे कपडे आजच धुवायला हवे होते.