बारा पस्तीस ते एक

“पडलात किती वाजता, मॅडम?” फोनवरून श्यामकांत साहेबांनी विचारलं.

“बारा पस्तीसला, सर.”

“नक्की?”

सुलक्षणाने डाव्या हातातला फोन घट्ट धरला. हा प्रश्न तिच्या चांगल्या ओळखीचा होता. गेली सहा वर्षं मालाडच्या दोन खोल्यांत बसून ती एका विमा कंपनीसाठी लोकांचे दावे तपासत होती. कागदावरची वेळ जुळली नाही की शेरा मारायचा, नामंजूर. आज तिचा स्वतःचा दावा त्याच कंपनीतल्या साहेबांपुढे होता. उजव्या कोपराचे तीन तुकडे झाले होते. लवकर ऑपरेशन झालं नाही तर हात सरळ होणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि कामावर असताना पडलात हे सिद्ध झालं, तरच कंपनी खर्च उचलणार होती.

“घरून काम करता, मग जिन्यात कशाला गेलात?”

“ओटीपीसाठी, सर. त्याशिवाय फाइल उघडत नाही. आमच्या खोलीत रेंज नसते ना, जिन्याच्या वळणावरच येते. लादी ओली होती.”

“बरं, ते मान्य. पण रेकॉर्डमध्ये बारा पस्तीस ते एक तुमचा माऊस हलतोय. सलग पंचवीस मिनिटं. जिन्यात पडलेल्या माणसाचा माऊस कसा हलेल?”

साहेब आवाज न चढवता बोलत होते, त्याचीच जास्त भीती वाटत होती. समोर खाटेवर तिची सासू, रुक्मिणीबाई, वाल सोलत बसली होती.

पाच मिनिटं माऊस हलला नाही की स्क्रीनवरचा हिरवा ठिपका पिवळा होई आणि टीम लीडरचा फोन येई. बाई नळावर गेली काय किंवा संडासला गेली काय, ठिपक्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. म्हणून तिनेच सासूला शिकवलं होतं, “मी उठले की तुम्ही बसायचं, आई. नुसता हलवायचा. दाबायचं कशावर नाही.” रुक्मिणीबाईंनी ते व्रतासारखं पाळलं. त्या दिवशी जिन्यातून सुनेची किंकाळी ऐकू आली, शेजारच्या चेतनाने तिला रिक्षात घातलं, तरी म्हातारी खुर्चीवरून हलली नाही. एक वाजता जेवणाची सुट्टी लागली, तेव्हा कुठे ती अनवाणी दवाखान्यात धावत आली.

“मॅडम? मशीनवर दुसरं कोणी होतं का?”

हो म्हटलं तर कंपनीचं मशीन परक्याच्या हाती दिल्याचा गुन्हा. त्याला शिक्षा एकच, उद्यापासून घरी बसा. घरी तर ती बसलेलीच होती. पण नवरा वारल्यापासून हे घर त्या बसण्यावरच चाललं होतं.

“काय इचारतत गे?” रुक्मिणीबाई उठून जवळ आल्या. “माझा नाव घेतल्यानी?”

सुलक्षणाने घाईघाईने फोन छातीशी दाबला आणि मानेनेच नको नको म्हटलं. आवाज पलीकडे गेला असेल का?

“नाही सर,” ती फोन कानाला लावून म्हणाली. “दुसरं कोणी नव्हतं.”

“मग तुम्ही एकनंतर पडला असाल. जेवणाच्या सुट्टीत. पण तसं लिहिलं तर दावा बसत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार?”

“लिहा सर. सुट्टीतच पडले. माझीच वेळ चुकली.”

पलीकडे कीबोर्डच्या कळा वाजल्या. मग साहेबांनी विचारलं, “सोमवारी लॉगिन करताय ना?”

“करते सर. डाव्या हाताने जमतं मला.”

फोन ठेवल्यावर ती तशीच बसून राहिली. प्लास्टरमधला हात ठणकत होता. रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

“काय म्हणालो तो? देतले मा?”

“बघतो म्हणाले.”

“मी उठलंय नाय, त्याच्यामुळे काय अडला नाय मा?” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “तू भायर आरडत होतंस, नि मी हंय बसान… दिवो पिवळो झालो असतो तर?”

“नाही हो आई. तुम्ही बरोबर केलंत.”

रुक्मिणीबाईंनी पदराने डोळे पुसले, ताट वाढून आणलं आणि आमटीभाताचा घास कालवून सुनेच्या तोंडापुढे धरला. सुलक्षणाने तो कसाबसा गिळला आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.