मातृरोपाचा रकाना

टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत मी चौदा वर्षं बाटल्या धुतेय. माझी लेक तिथंच शास्त्रज्ञ होऊन आली, तेव्हा मीच तिला बजावलं, "इथं आई म्हणायचं नाही. सगळ्यांसारखं मावशी म्हण. उगीच लोकांना बोलायला निमित्त नको." कार्टीनं ऐकलं की हो! रोज दहादा तिच्या तोंडून 'मावशी' ऐकताना जिवाला लागायचं.

तिचं काम पेटुनियाच्या परागकणांपासून रोपं तयार करायचं. कोवळी कळी उघडायची, आतले परागकोश चिमट्यानं अलगद काढून बाटलीतल्या जेलीवर ठेवायचे आणि वाट बघायची. दोन वर्षांत एक कोंब दिसेल तर शपथ! शेवटी साहेबांनी सांगून टाकलं, "ही शेवटची खेप. नाही जमलं तर प्रयोग बंद."

पोरीचं जेवणावरचं लक्ष उडालं. माझं मात्र डोकं फिरलं. कळ्या रोज मीच खुडून आणायची, मला दिसत नव्हतं का? आठ मिलिमीटरची कळी हे नवं माप साहेबांनी यंदाच्या उन्हाळ्यात ठरवलेलं. आता थंडी. थंडीत कळ्या खुरटतात, आठ मिलिमीटर भरेपर्यंत आतले परागकोश पिवळे होऊन बसतात. वेळ टळलेली असते.

"ती पट्टी ठेव बाजूला," मी म्हटलं. "परागकोश हिरवट हवेत, पिवळे नकोत. कोणती कळी घ्यायची ते माझ्या बोटांना कळतं."

"मावशी, माप साहेबांनी दिलंय."

"कळीला ठाऊक आहे का साहेब कोण ते?"

कितीतरी दिवसांनी ती हसली. अर्ध्या बाटल्या तिनं पट्टीनं मापलेल्या कळ्यांच्या भरल्या, अर्ध्या मी निवडलेल्या.

सहा आठवड्यांनी पट्टीवाल्या बाटल्यांत सगळं तपकिरी पडलेलं. माझ्या तीन बाटल्यांत मात्र परागकोश फुटून मोहरीएवढे हिरवे ठिपके वर आले, पुढं त्यांना पानं फुटली. लेकीनं मुळाचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं. गुणसूत्रं निम्मी, परागकणात असतात तेवढीच! म्हणजे रोपं परागकणांचीच, शंकाच नको.

साहेब स्वतः नोंदवही घेऊन आले. लेक लिहीत होती. 'मातृरोप' या रकान्याशी तिचा हात थांबला.

"तिथं रेघ मार," साहेब हसून म्हणाले. "परागकणाची पोरं ही. यांना कुठली आई?"

"आहे की," ती म्हणाली. मी मोरीपाशी बाटल्या घासत होते. ती सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाली, "कळ्या हिनं निवडल्या. आई, इकडे ये, सही कर."

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. "ही तुमची मुलगी?"

"मग! माझीच," मी म्हटलं, आणि साबणाच्या ओल्या हातानंच त्या रकान्यात सही ठोकली.