पांढऱ्या दोऱ्याच्या वस्तू

चिमट्याच्या टोकाला लागून जे बाहेर आलं ते कधीकाळी केळं असावं. कार सीटच्या शिवणीत, पट्टा जिथे आत शिरतो तिथल्या फटीत, ते काळं पडून, सुकून, पुन्हा ओलं होऊन बसलं होतं. त्याला एक लांब केस आणि अर्धं बिस्किट चिकटलेलं. चिमटाबाईने श्वास रोखला, हात लांब केला, तेवढाच चेहरा मागे नेला आणि ते कचऱ्याच्या बादलीत सोडलं. मग सीट उलटी धरून झटकली. खाली काय काय पडलं ते तिने पाहिलं नाही. पडल्याचा आवाज तेवढा ऐकला.

"काय निघालं आज?" भिंतीलगतच्या बाकावरून चाकवाल्याने विचारलं. त्याच्या मांडीवर बाबागाडीचं चाक होतं आणि तोंडात दोन स्क्रू.

"तुमचा नाश्ता."

"मग ठेवा झाकून. एवढं चाक बसवतो आणि येतो."

बाळाच्या वस्तू भाड्याने देणाऱ्या दुकानाची ही मागची खोली. पुढे दुकानात काचेआड सगळं ढगासारखं मऊ नि फिकट मांडलेलं असे. येणारी जोडपी तिथे हळू आवाजात बोलत, जणू बाळ आताच झोपलंय. त्याच वस्तू महिन्या-दोन महिन्यांनी मागच्या दाराने परत येत, तेव्हा त्यांच्या अंगाला घरोघरचं आंबलेलं दूध असे, लाळ असे, औषधाचा गुलाबी चिकटा असे, आणि काय काय असे ते न बोललेलंच बरं. बाळ गोड असतं, हे पुढच्या दुकानात. इथे मागे बाळ म्हणजे एक वास होता.

अकरा वर्षं ती हा वास धूत आली होती आणि अकरा वर्षांत त्याची सवय काही झाली नव्हती. कोपरापर्यंत रबरी मोजे, नाकावर फडकं आणि हातात तो वीतभर लांब चिमटा. दोरा बांधण्यापुरतं सोडलं तर मोजे-चिमट्याशिवाय तिने इथल्या एकाही वस्तूला हात लावलेला कुणी पाहिला नव्हता. नाव त्या चिमट्यावरूनच पडलं.

आलेल्या प्रत्येक वस्तूला ती आधी दोरा बांधी. निर्मळ आली तर पांढरा, थोडी डागाळलेली असली तर पिवळा, बरबटलेली असली तर लाल. पांढरी नुसती पुसून फळीवर जाई, पिवळीला साबण लागे, लाल रात्रभर भिजत पडे. मोजे घालून गाठ मारता येत नसे, म्हणून दोऱ्यापुरते ती मोजे काढी, वस्तूचा त्यातल्या त्यात बरा कोपरा शोधून बोटांच्या टोकांनी गाठ मारी आणि लगेच नळाखाली हात धरी. पांढरा दोरा बांधताना तिचा चेहरा सैल पडे. चांगली माणसं, ती मनात म्हणे, वस्तू वापरावी तर अशी. लाल बांधताना मात्र तोंडाचा पट्टा सुटे. "घर आहे की उकिरडा! पोर जन्माला घालायचं आणि चिंधी ओली करून पुसायची नाही!"

आज लेक येणार होती. सातवा सरत आला होता. मालकीण जुना माल काढून टाकत होती, कामाच्या माणसांना अर्ध्या किमतीत. जावयाने मित्राची टेम्पोगाडी आणून बाहेर उभी केली होती, आणि रात्र रात्र इंटरनेटवर वाचून यादीही केली होती. यादीत सव्वीस वस्तू होत्या. घरात खोल्या दोन.

लेक आत आली ती नाकाला रुमाल लावूनच.

"कशी गं राहतेस इथे दिवसभर?"

"श्वास कमी घेते," आई म्हणाली. "बस. त्या स्टुलावर बस, ते मी पुसलंय."

पण लेक बसली नाही. ती फळीपाशी गेली आणि हातातल्या यादीकडे न बघताच एकेका वस्तूवर बोट ठेवत चालली. आपोआप झुलणारा पाळणा. ओले वाइप्स कोमट ठेवणारी पेटी. बाळाच्या तोंडाशी बाटली धरून ठेवणारी, चिमटा लावलेली उशी. नाकातला शेंबूड ओढणारं यंत्र. मळका डायपर टाकला की झाकण मिटून वास कोंडणारा उंच डबा. एकेक वस्तू ती काढून दाराशी ठेवत गेली. पोटामुळे वाकताना तिचा एक हात कमरेवर जाई. आई बघत राहिली. लेकीची नजर आपलीच, तिला वाटलं. एवढ्या ढिगातून तिने नेमक्या कोऱ्या करकरीत वस्तू वेचल्या होत्या. सगळ्यांना पांढरा दोरा.

"तू बांधलेले दोरे बघूनच घेतलं," लेक म्हणाली. "म्हटलं, इतक्या घरांत फिरून ज्या स्वच्छ परत आल्या, त्याच चांगल्या. घाण धरून ठेवत नाहीत."

चाकवाल्याने तोंडातले स्क्रू काढून हातात घेतले.

"पोरी, एक विचारू? हा झुलणारा पाळणा दुकानात येऊन चार वर्षं झाली. मी एकदाही उघडला नाही. ना मोटर गेली, ना पट्टा तुटला."

"बघ ना काका! म्हणजे किती मजबूत!"

"मजबूत कसला. त्यात कुणी बसलंच नाही. ठेवलं की पोर भोकाड पसरतं. मग महिनाभर त्याच्यावर घड्या केलेले कपडे राहतात आणि तो परत येतो." त्याने चाकाला एक गिरकी दिली. "त्या बाटलीच्या उशीचंही तेच. तुझ्या आईने इतकं पांढरं बांधलंय ना, ते सगळं न वापरलेलं आहे गं."

आई त्या दाराशी रचलेल्या ढिगाकडे पाहत होती. अकरा वर्षं तिने जिथे जिथे शाबासकीचा दोरा बांधला, तिथे तिथे आत बाळ नव्हतंच. हे तिला कळायला हवं होतं. कदाचित कळतही होतं. वास नसला की ती पुढचा विचारच करीत नसे.

"असू दे," लेक म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "मला हेच हवंय."

"अगं, पण काका म्हणतायत…"

"आई, मला हेच हवंय." तिने रुमालाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "मागच्या आठवड्यात शेजारणीने तिचं बाळ माझ्याकडे दिलं. पाच मिनिटं. म्हणाली, हात बसू दे. ते माझ्या खांद्यावर ओकलं. गरम. मानेवरून आत गेलं, पाठीपर्यंत. आणि मी…"

चाकवाला उठला. "तेलाची बाटली पुढे राहिली वाटतं," असं स्वतःशीच म्हणत तो बाहेर गेला. तेलाची बाटली बाकावरच होती.

"मी त्याला जवळजवळ टाकलंच, आई. पलंग होता म्हणून. टाकलं आणि बेसिनकडे धावले. ते तिकडे रडत होतं आणि मी मान घासत होते. कातडी लाल होईतो घासली. आता स्वतःचं आल्यावर काय करू? मी तुझ्यावर गेलेय. मला नाही जमायचं."

मी तुझ्यावर गेलेय. लेकीने ते दोष म्हणून म्हटलं नव्हतं. डोळे आईचे, केस आईचे, तसंच हेही, एवढ्या साधेपणाने म्हटलं होतं. आईला मात्र जुनं आठवलं. हीच पोर, पावणेदोन किलोची, प्रत्येक घोटागणिक ओकायची. आंबट, दह्यासारखं, गुठळ्या गुठळ्या. पदर बदलावा तर दुसरा खराब. एक दिवस आईने तिला लांब हातांनी उचललं आणि मोठ्या जावेच्या मांडीवर ठेवलं. जरा धरा, मी हात धुऊन येते. हात धुऊन यायला तिला तीन वर्षं लागली. अंगणात एकदा लेक पडली, गुडघा फुटला, आणि "आई, आई" करत उठून धावली. आईने हात पसरले. लेक तिच्या पसरलेल्या हातांजवळून पळत पुढे गेली आणि काकीच्या कुशीत शिरली.

ते तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आताही सांगितलं नाही. ती उठली आणि सकाळी आलेल्या मालाच्या ढिगात चिमटा घालून काहीतरी ओढून काढू लागली.

"काय करतेस?"

"थांब."

चिमट्याला धरून ते लोंबकळत बाहेर आलं. बाळाला छातीशी बांधून हिंडायची पट्ट्यांची झोळी. मूळचा रंग निळा असावा. जिथे बाळाची हनुवटी टेकते तिथे एक पिवळट, कडक, कडांना पापुद्रे सुटलेलं वर्तुळ होतं. खांद्याच्या पट्ट्यावर लाळेने चोखून चोखून धागे निघाले होते. आतल्या बाजूला घामाचे नकाशे. आणि दूध, जुनं, नवं, त्याच्यावर आणखी नवं, उन्हात विसरलेल्या भांड्यासारखं वास मारणारं. काठाला लाल दोरा.

"शी! आई, लांब कर ते!"

"ही इथे टिकत नाही," आई म्हणाली. "सोमवारी येते, बुधवारी जाते. फळीवर मी हिला कधी दोन दिवस पाहिलं नाही. हे चौथं घर की पाचवं. प्रत्येक वेळी आधीपेक्षा घाण होऊन येते. मी शिव्या देते, धुते, ती पुन्हा जाते."

"मग?"

"मग काही नाही. एवढ्या खोलीत हिला मी सगळ्यात जास्त शिव्या दिल्यात." तिने चिमटा स्टुलाच्या कडेला ठेवला, मोजे ओढून काढले. झोळी स्टुलावर पसरली आणि उघड्या बोटांनी लाल दोऱ्याची गाठ सोडवू लागली. गाठ ओली होती, निसरडी, सुटेना. ती तोंड वाकडं करत नखाने उकरत राहिली. "हा डाग बघ. पोर डावीकडे मान टाकायचं. रोज. त्याची आई उजव्या हाताने घरातलं आवरत असणार. आणि हा केस तिचाच. कंगवा फिरवायलासुद्धा…"

लेक बघायला वाकली. रुमाल खाली आला होता. तो वास तिला अगदी जवळून, सरळ लागला.

तिचे खांदे वर आले. तोंडावर हात न्यायचीही उसंत मिळाली नाही.

चिमटा फरशीवर वाजला. लेकीने डोळे उघडले तेव्हा ती पुढे वाकलेली होती, आणि तिच्या तोंडाखाली दोन हात होते, एकमेकांना जोडून ओंजळ केलेले. सकाळचा चहा, पोळीचे तुकडे, पिवळं पाणी, सगळं त्या ओंजळीत होतं. बोटांच्या फटींतून ठिबकत होतं. मनगटावरून कोपराकडे ओघळ गेला होता. हात हलले नव्हते.

"अजून येतंय का?" आईने विचारलं. "येऊ दे. आत ठेवू नकोस."

आणखी एकदा आलं. तेही तिथेच.

मग आई तशीच, ओंजळ सांभाळत, मोरीपाशी गेली. नळ कोपराने उघडला. साबण लावला, धुतला, पुन्हा लावला, पुन्हा धुतला, तिसऱ्यांदा लावला. नखांत ब्रश फिरवला. मग पेला विसळून पाणी आणलं.

लेक स्टुलाला धरून उभी होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, नुसतं उलटीचं असेल किंवा नसेल. चूळ भरून झाल्यावर तिने आईच्या हातांकडे पाहिलं. ब्रशने लाल झालेले, अजून ओले.

"तुला किळस नाही आली?"

"आली की," आई म्हणाली. "अजून येतेय. पोटात नुसतं ढवळतंय."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. दारातून चाकवाल्याने आत डोकावलं, फरशी पाहिली, आणि न विचारता पोतेरं घेऊन आला.

"काय काय चढवायचं गाडीत?" पुसता पुसता त्याने विचारलं.

लेकीने दाराशी रचलेल्या ढिगाकडे पाहिलं. पाळणा, पेटी, उशी, यंत्र.

"तो वास कोंडणारा डबा नेणार मी," ती शेवटी म्हणाली. "त्यावर कुणी काही बोलायचं नाही."

"ने की. कोण काय बोलतंय," आई म्हणाली.

चाकवाल्याने डबा उचलला आणि बाहेर गेला.

स्टुलावर झोळी तशीच पसरली होती. लाल दोरा अर्धा सुटून लोंबत होता. लेकीने बाही वर सारली. झोळीचा एक पट्टा दोन बोटांत धरला, अगदी कडेला, मान शक्य तेवढी मागे नेऊन. आईने वाकून फरशीवरचा चिमटा उचलला आणि तिच्यापुढे धरला. लेकीने नको म्हणून मान हलवली. झोळी भिजवायच्या बादलीपर्यंत नेली आणि पाण्यात सोडली. ती बुडेना. कडक डागाचा भाग वर तरंगत राहिला, आणि भोवती पाण्यावर पांढुरका तवंग पसरू लागला. लेकीने एका बोटाने दाबलं. मग पंजाने.

"शी," ती म्हणाली.

"शीच आहे," आई म्हणाली. तिने चिमटा खुंटीला अडकवला, मोजे तिथेच राहू दिले, आणि झोळीचं दुसरं टोक धरलं.