शेफील्डचा मंगळवार

दोन हजार दोनच्या जानेवारीत सुखदाला इंग्लंडातल्या शेफील्डमधल्या पोहण्याच्या तलावांच्या वेळा पाठ होत्या. गुडगावच्या आपल्याच सेक्टरात भाजीवाला कधी येतो, ते मात्र नवऱ्याला विचारावं लागे. ती गुडगावातल्या कॉल सेंटरात बसून त्या शहराच्या माहितीचा फोन घेई. आज कुठं काय आहे, बाजार कधी बंद होतो, कुठली बस कुठून सुटते. दुपारी फलकावर तिथलं हवामान आणि फुटबॉलचा निकाल लागे, तो वाचून हेडफोन चढवायचा. आपण कुठं बसलोय ते सांगायचं नाही. सांगितलं की नोकरी गेली. तिचे उमेदवारीचे सहा महिने संपत आले होते. आता नोकरी कायम, नाहीतर नवरा, साकेत, मानेसरच्या कामावरून परतेपर्यंत बंद फ्लॅटमध्ये एकटी.

दर मंगळवारी साडेचारला, म्हणजे तिकडच्या अकराला, मिस्टर हॉल्डन फोन करत. बायको गेलेली, गुडघेही गेलेले. आज काय आहे विचारायचे, आणि सुखदा सांगेल ते सगळं त्यांचं आधीच पाहून झालेलं असायचं. गेल्या मंगळवारी तिनं चर्चच्या हॉलमधल्या दुपारच्या नाचाचं सांगितलं. तुम्हीही या, ते म्हणाले, चहा माझ्याकडून.

"हो, येईन की," सुखदा म्हणाली.

हळदीकुंकवाला बोलावल्यावर म्हणतात तसं. निम्म्या यायच्या नाहीत, हे बोलावणारीलाही ठाऊक असतं. तोंडावर नाही म्हणणं वाईट दिसतं, म्हणून हो.

या मंगळवारी फोन वेळेवर आला. तिची सुपरवायझर अर्पिता, मूळची मुंबईची, शेजारी दुसरा हेडफोन लावून ऐकत होती. कायम करायचं की नाही, ते तिच्या शेऱ्यावर होतं.

हॉल्डन रागावले नव्हते. त्या दिवशी दोन वाजल्यापासून हॉलमध्ये बसलो होतो, म्हणाले. तुमच्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती, चार जणांना बसू दिलं नाही. पाचला हॉल झाडायला आले तेव्हा निघालो. तब्येत बरी आहे ना?

अर्पितानं माइक बंद केला. "ताप होता म्हण. पुढच्या वेळी येते म्हण. म्हातारा खूश, विषय संपला यार."

सुखदानं माइक सुरू केला. "मी आजारी नव्हते, मिस्टर हॉल्डन. मी येणारच नव्हते. पुढंही येणार नाही."

त्यांच्या खोलीतलं घड्याळ फोनवर ऐकू येत होतं.

"मग हो का म्हणालात?"

"आमच्यात म्हणतात."

"तुमच्यात म्हणजे कुठं?"

अर्पितानं फोन तोडायच्या बटणावर बोट ठेवलं.

"ते मला सांगता येत नाही," सुखदा म्हणाली.

बरं, ते म्हणाले. इथं नाही, एवढं कळलं. नेहमीसारखे आभार मानून त्यांनी फोन ठेवला.

अर्पितानं शेरा लिहिला. नियम मोडलेला नव्हता. "पण बाई, थोडं गोड बोलायला तुझं काय जात होतं?"

शुक्रवारी कायम झाल्याचं पत्र मिळालं. साकेतनं पेढे आणले. सुखदानं एक खाल्ला.

पुढच्या मंगळवारी साडेचारला एका बाईनं ग्रंथालयाची वेळ विचारली. सुखदानं सांगितली. पाचपर्यंत हॉल्डनचा फोन आला नाही. आपल्याला काही वाटतंय का, हे तिनं तपासून पाहिलं. काही वाटत नव्हतं. तिनं पुढचा फोन घेतला.